टाकी गळते का बघायला

धनेशने मासे सोडले, त्या आठवड्यात केसरीनाथचं अभिनंदन करायला अंजुरातली सात माणसं घरी येऊन गेली.

खाडीकाठच्या गावात मुलगा मासे सोडतो ही खरं तर डॉक्टरला दाखवण्यासारखी गोष्ट. पण धनेशने नुसते मासे सोडले नव्हते. आदल्या महिन्यात त्याने बियर सोडली होती. त्याच्या आदल्या महिन्यात मोटरसायकलला पुन्हा सायलेन्सर बसवून घेतला होता, आणि म्हशीच्या दाव्याने लाजावं अशी गळ्यातली सोन्याची चेन काढून आईच्या हातावर ठेवली होती. पहाटे साडेचारला उठून थंड पाण्याची आंघोळ, मग व्यायाम, मग खोलीचं दार लावून तासभर काहीतरी. वडीलधारं माणूस दिसलं की वाकून नमस्कार. गावातल्या चार बापांनी आपापल्या मुलांना ओट्यावर उभं करून जाणारा धनेश दाखवला होता.

"पोराला काय खायाला घालतंस रं?" शेजारच्या लहानूकाकांनी विचारलं.

"काय बी खात न्हाय," केसरीनाथ म्हणाला. "त्योच तर वांधा हाय."

काकांना तो विनय वाटला.

केसरीनाथला आपला मुलगा परत हवा होता. हा नव्हे, तो जुना. उशिरा उठणारा, उलट बोलणारा, आंघोळीला गेला की टाकी संपवणारा. आता असं मागणं कुणापुढे मांडायचं? देवापुढे हात जोडून 'माझ्या मुलाला पुन्हा बिघडव' म्हणावं, तर देवही दोन मिनिटं विचारात पडेल.

त्यांच्या घरात रविवारी जिताडा यायचा. जिताड्याचं डोकं म्हणजे त्या माशातला सगळा अर्थ, आणि घरचा नियम असा की ज्याचा हात आधी पडेल त्याचं डोकं. बाप-लेक कालवणाचं पातेलं खाली टेकायच्या आधीच दबा धरून बसायचे. एकदा झटापटीत दोघांचीही बोटं भाजली होती आणि कमळाने, म्हणजे केसरीनाथच्या बायकोने, दोघांनाही हळद न लावता बाहेर काढलं होतं. आता धनेश वेगळा बसून डाळभात खायचा, आणि जिताड्याचं डोकं बिनविरोध निवडून आलेल्या सरपंचासारखं केसरीनाथच्या ताटात पडून राहायचं. चव लागत नव्हती.

त्याहून वाईट म्हणजे धनेशचा आवाज गेला होता. घसा बसला नव्हता. घरात, गावात तो आवाज वापरेनासा झाला होता.

या पट्ट्यात थंडी पडली की गावोगाव टेनिसच्या चेंडूचं क्रिकेट सुरू होतं. मैदान म्हणजे कापणी झालेलं शेत, नाहीतर ज्याच्यावर अजून गोदाम चढलेलं नाही असं शेत. आणि सामन्याला खेळाडू नसले तरी एक वेळ चालतात, पण खांबाखांबावर लावलेल्या कर्ण्यांतून कॉमेंट्री पाहिजे. धनेश पंधराव्या वर्षी माइकवर बसला आणि पुढची अकरा वर्षं उठला नाही. पडघ्यापासून अकलोलीपर्यंतची मंडळं त्याला विचारून तारखा ठरवत.

"आला, आला, पाटलांचा कुणाल आला! घरी हंडा उचल म्हटला तर कंबर दुखते, हितं बघा कसा वाकलाय! कुणालच्या आये, आयकतंस ना गो?"

शेजारी अफरोज बसायचा. भिवंडीत लूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. त्याच्याकडे हिंदी. "और ये कुणाल भाई, जिनको देखकर बॉल ने घर पे फोन किया है कि अम्मी, आज देर होगी." एकाचं वाक्य पडायच्या आत दुसरा उचलायचा. लोक म्हणायचे, या दोघांचं लग्न लावून टाका.

आणि चेंडू उंच हवेत गेला की धनेश इतकंच म्हणायचा, "आन्... आन्... आन्..." तीनदा, दर वेळी थोडं खाली उतरत. तिसऱ्या 'आन्'नंतर तो थांबायचा. त्या थांबण्यात अख्खं गाव श्वास रोखून उभं असायचं. रस्त्यावरचा रिक्षावालासुद्धा ब्रेक दाबायचा. मग, "झेल!"

केसरीनाथ मैदानावर कधी गेला नाही. मुलाचं कौतुक तोंडावर करू नये, त्याने मुलगा बिघडतो किंवा दृष्ट लागते. दोन्हींतलं नेमकं काय होतं हे त्याला माहीत नव्हतं, पण त्याच्या बापाने त्याचं केलं नव्हतं. सामना सुरू झाला की तो कमळाला सांगायचा, "टाकी गळते का बघून येतो." गच्चीवर जायचा, पाण्याच्या टाकीमागे सावलीत बादली उपडी घालून बसायचा आणि शेवटची ओव्हर संपल्यावर खाली यायचा. कमळा मध्ये दोनदा टाकीला चहा पाठवायची.

दोन वर्षांपूर्वी धनेश मुंबईला गेला. खेळाच्या कुठल्याशा वाहिनीत कॉमेंट्रीची चाचणी होती. नवा शर्ट घालून सकाळी गेला, संध्याकाळी परत आला.

"काय झाला?" केसरीनाथने विचारलं.

"हसले."

"जोक मारलास काय?"

"न्हाय. बोललो. बोललो तसे हसले. परत बोलाय लावला, मोबाइलवर घेतला, आन् आत जाऊन बाकीच्यांना दाखवला."

केसरीनाथने मुलाच्या पाठीवर हात ठेवला. सांत्वन करायचं त्याच्या मनात होतं. तो म्हणाला, "जाऊ दे रं. आपले दोन गोदामं भाड्यानं हायत. तुना आवाज विकायची गरज काय?"

धनेशने शर्ट काढून त्याची घडी केली आणि तो खोलीत गेला.

त्याच आठवड्यात त्याच्या मोबाइलवर 'भाऊ' नावाच्या माणसाचा निरोप आला. भाऊला आडनाव नव्हतं, चेहरा नव्हता. तो म्हणाला, मी तुझी प्रत्येक कॉमेंट्री ऐकली आहे. हा आवाज देवाने उगाच दिलेला नाही. तुला हसतात ते कोण आणि त्यांना हसायची हिंमत कुणामुळे आली, ते मी तुला सांगतो.

हे सगळं केसरीनाथला फार पुढे कळलं. अकरा वर्षांत बापाचं जे एक वाक्य बोलायचं राहून गेलं होतं, ते एका अनोळखी माणसाने फुकट बोलून टाकलं होतं. पुढची वाक्यं मग त्याचीच ऐकावी लागली.

अफरोज दोनदा घरी आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा कमळाने त्याला ओट्यावर चहा दिला. धनेश आतून बाहेर आला नाही. अफरोजने कप धुऊन पालथा ठेवला आणि म्हणाला, "चाची, मैंने कुछ बोला क्या उसको?" कमळाने कप उचलून आत नेला. पुढच्या हंगामात अंजुरात कॉमेंट्री झाली नाही. टाकी मात्र केसरीनाथ बघून यायचा. सवय.

मार्गशीर्षात हवालदार मिलिंदने समाजमंदिरात सभा घेतली. मिलिंद इथलाच, बौद्धवाड्यातला. वयाने लहान, केसरीनाथने त्याला शाळेत जाताना पाहिलेलं. त्याने सगळ्यांना एक छापील कागद वाटला. आपलं मूल कुणाच्या हिंसक नादी तर लागलेलं नाही ना, हे ओळखायच्या खुणा.

लहानूकाकांनी कागद उलटा-सुलटा करून परत केला. "मिलिंद, पत्ता चुकला रं तुझा. ही सभा शहरात त्यांच्या मोहल्ल्यात घ्यायची."

"काल तिथंच घेतली काका," मिलिंद शांतपणे म्हणाला. "ते बोलले, ही सभा गावात तुमच्या लोकांत घ्यायची."

सभा हसली. मिलिंद हसला नाही. तो खुणा वाचू लागला. जुने मित्र अचानक तोडणं. खाण्यापिण्यात, कपड्यांत एकाएकी बदल. आवडीचा छंद सोडणं. खोलीचं दार लावून फोनवर असणं. जग 'आपण' आणि 'ते' अशा दोन ढिगांत वाटून बोलणं...

"म्हणजे माझी सून," मागून शांताबाई म्हणाल्या.

पुन्हा हशा. "एका खुणेनं काय बी होत न्हाय मावशी," मिलिंद म्हणाला. "तरण्या पोराला चार छंद असतात, चार सुटतात. पण घरच्या माणसाला आतून वाटतं ना, की हा आपला राहिला न्हाय, तेव्हा मना फोन करा. केस लांबची गोष्ट. आधी चहा पिऊ."

केसरीनाथने नऊ खुणा मोजल्या. सात जुळत होत्या. शेजारचा माणूस म्हणत होता, "तुना काय टेन्शन, तुझा धनेश म्हंजे देवमाणूस." केसरीनाथने कागदाची चार घड्यांची पुडी करून खिशात घातली, आणि फोन केला नाही. सात माणसं ज्याचं अभिनंदन करून गेली त्या मुलाबद्दल पोलिसाला काय सांगणार? की साहेब, तो मला उलट बोलत नाही?

मग तो गुरुवार आला. केसरीनाथ दुपारी भिवंडीहून शेअर रिक्षाने परतत होता. पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेल्या माणसाने मोबाइलवर एक क्लिप लावली. आवाज यंत्रातून काढून जाड केलेला, एखाद्या हौदात बसून बोलल्यासारखा. कुणी काय केलं, कुणी किती सोसायचं, आता बस्स. मग:

"रविवारी सकाळी. सुताच्या गोदामापाशी. आणि... आणि... आणि..."

आवाज थांबला. रिक्षातल्या पाचही माणसांनी श्वास रोखला. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर गेला.

"...राख."

"काय आवाज हाय रं!" पुढचा माणूस म्हणाला. "अंगावर काटा आला."

अर्धा क्षण केसरीनाथला अभिमान वाटला. तोंडातून 'माझा पोरगा' निघणारच होतं. त्या अर्ध्या क्षणाची माफी त्याने स्वतःला अजून दिलेली नाही.

तो पुढच्या नाक्यावर उतरला आणि उरलेलं अंतर उन्हातून चालत आला. सुताचं ते गोदाम त्याला माहीत होतं. त्याच्या मागच्याच शेडमध्ये अफरोजची ड्युटी असायची. लूम शुक्रवारी बंद, रविवारी चालू.

संध्याकाळी धनेश गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेला (हेही तो हल्ली न सांगता करायचा), तेव्हा केसरीनाथ मागोमाग गेला.

"रविवारची क्लिप आयकली," तो म्हणाला.

धनेशच्या हातातली चादर थांबली. "कसली क्लिप?"

"आवाज चांगला बदललाय. माणसाला कळणार न्हाय."

"मग तुना कसा..." धनेशने जीभ चावली.

"आन्, आन्, आन्," केसरीनाथ म्हणाला. त्याला ते नीट जमलं नाही. "चेंडू वर गेला की तू तीनदा बोलतंस. तिसरा खालच्या पट्टीत. मग थांबतंस. आधी दोन मोजेपर्यंत थांबायचास, पडघ्याच्या फायनलपासून तीन मोजतंस."

धनेश बापाकडे बघत राहिला. "तुना काय ठाऊक? तू कधी आलाच न्हाईस."

"अकरा वरसं हितं बसलोय." केसरीनाथने टाकीमागची उपडी बादली दाखवली. बसून बसून तिचं बूड चेपलं होतं. "टाकी काय अकरा वरसं गळते?"

 खाली कमळाने कुकर लावला होता, त्याच्या दोन शिट्ट्या झाल्या.

"मना मैदानातून दिसायचास," धनेश शेवटी म्हणाला. त्याचा आवाज आता कुठल्याच यंत्राशिवाय जाड झाला होता. "मी माइक हातात घेतला की तू उठून टाकीमागं जायचास. मना वाटायचा, माझा आवाज कानावर पडू नये म्हणून जातंस."

केसरीनाथच्या तोंडाशी वाक्य आलं होतं, पण अकरा वर्षांच्या गंजाने ते तिथंच अडकलं. बाहेर पडलं ते वेगळंच.

"अफरोजची रविवारी ड्युटी हाय."

"तो तसला न्हाय. त्याच्यासाठी न्हाय हे."

"मग आगीला सांगून ठेवलंस काय, अफरोजला सोड म्हणून?"

"मी काय हात लावणार न्हाय, बाबा. मी निस्ता आवाज दिला."

"तू उभ्या जन्मात एक बी झेल घेतला न्हाईस," केसरीनाथ म्हणाला. "पण तू 'झेल' म्हटलास की गाव हात वर करायचा. म्हातारी माणसं ओट्यावरून हात वर करायची. मी हितं बसून करायचो, चहाचा कप धरून." त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. तळाशी मिलिंदचा नंबर होता. "मी फोन लावतोय. तुझ्यासमोर लावतोय, पाठीमागून न्हाय. पळायचा असेल तर जिना मोकळा हाय. बस, नाय तर जा."

फोन लावताना त्याने मुद्दाम पाठ वळवली. तीनदा रिंग वाजली. जिन्यावर पावलं वाजली नाहीत. वळून पाहिलं तर धनेश बादलीवर बसला होता, मांडीवर चादर, घडी अर्धवट.

मिलिंद साध्या कपड्यांत आला. म्हटल्याप्रमाणे आधी चहा प्याला. धनेशने मोबाइल त्याच्या हातात दिला आणि ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. रात्र संपली तरी त्याचं सांगणं संपत नव्हतं. शनिवारी पडघ्याच्या बाजूला एका बंद गाळ्यात चार मुलं सापडली, आणि सापडलं ते बरं झालं असं बरंच सामान. चौघांच्याही घरी अभिनंदनाला माणसं येऊन गेली होती. भाऊ सापडला नाही. त्याचा नंबर बंद झाला. कुठल्यातरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाला तो आता त्याच्या बापाचं राहिलेलं वाक्य ऐकवत असेल.

रविवारी सकाळी सुताच्या गोदामापाशी काहीही झालं नाही. माग चालू राहिले. काही न होणं ही बातमी नसते, त्यामुळे ती कुठेच छापून आली नाही.

धनेश सात महिने आत होता. स्वतःहून सांगितलं म्हणून जामीन झाला. दर सोमवारी चौकीत सही, दर मंगळवारी ठाण्याला समुपदेशक बाईंकडे. केसरीनाथ त्याला मंगळवारी स्कूटरवर नेई. जाताना एक तास, येताना एक तास, धनेश मागे बसून एक शब्द बोलत नसे. आईशी बोलायचा. बाईंशीही बोलत असावा, कारण त्या म्हणायच्या, "वेळ लागेल काका. त्यानं दोन वर्षं दुसऱ्याचीच वाक्यं बोललीत. स्वतःची कुठे ठेवली होती, ते शोधतोय." केसरीनाथ बाहेरच्या बाकावर बसून दाराकडे बघत राही.

अभिनंदनवाल्या सातांपैकी कुणी आता घराकडे वळत नव्हतं. रविवारी जिताडा यायचा. केसरीनाथ डोकं काढून ताटांच्या मधोमध ठेवायचा आणि वाट बघायचा. धनेश आता पुन्हा मासे खाऊ लागला होता, पण समोर पडेल तेवढेच. मध्यावरचं डोकं दोघांपैकी कुणीच उचलत नसे. शेवटी ते मांजराला जायचं. त्या वर्षात घरात मांजर तेवढं सुखी होतं.

माघात सामने ठरले. मंडळाचा कुणाल सगळ्या गावांत फिरला. तारखेला मोकळा कॉमेंटेटर मिळेना.

"मी बसतो," केसरीनाथ म्हणाला.

"काका, तुम्ही कधी मैदानात तरी आलात काय?"

"आयकलंय सगळा."

मंडपात अफरोज आधीच येऊन बसला होता. मंडळाने त्याला बोलावलं होतं. त्याने केसरीनाथकडे बघितलं नाही.

"चाचा, मैं उसके लिए नहीं आया."

"मना ठाऊक हाय."

"उस संडे मेरी ड्यूटी थी."

"त्ये बी ठाऊक हाय."

अफरोज थोडा वेळ माइकची वायर सरळ करत राहिला. मग पाण्याची बाटली त्याने टेबलाच्या मधोमध सरकवली.

केसरीनाथने जी कॉमेंट्री केली, तिच्याबद्दल अंजूरकर अजून बोलतात. त्याने बाद झालेल्याला परत खेळायला बोलावलं. अंपायरला कॅप्टन समजून त्याच्या आजोबांची आठवण सांगितली. एका चौकाराचं त्याने तीन वाक्यांत वर्णन केलं, तोवर पुढचे दोन चेंडू पडून गेले. "चाचा, ओवर में सात बॉल हो गए," अफरोज हळूच म्हणाला. "असू दे, पोरं खेळतायत," केसरीनाथ माइकमध्येच म्हणाला. मैदान लोळलं. अफरोजने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

आणि तेव्हा केसरीनाथला कळलं, की मंडपातून आपली गच्ची किती स्वच्छ दिसते. टाकी, टाकीवरचं झाकण, वाळत घातलेली चादर. आणि टाकीच्या मागून बाहेर आलेला एक कोपर.

त्याच चेंडूवर कुणालने बॅट फिरवली. चेंडू सरळ वर गेला, उन्हात.

"आन्..." केसरीनाथ म्हणाला. "आन्... आन्..."

तिसरा त्याने खाली उतरवला. मग थांबला. एक. दोन. तीन. चेंडूकडे त्याचं लक्ष नव्हतं. गच्चीवर चादरीच्या वर दोन हात आले होते, हवेत, ओंजळ करून.

"चाचा," अफरोज म्हणाला. "बोलो ना. पकड़ा उसने."

 अफरोजने त्याच्या नजरेच्या रेषेत बघितलं, गच्चीकडे, बराच वेळ. मग माइक स्वतःकडे ओढला आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "कैच."

संध्याकाळी केसरीनाथ घरी आला तेव्हा घसा पूर्ण बसला होता. धनेश जिन्यावरून खाली येत होता. शर्टाच्या पाठीला टाकीचा ओला, हिरवा डाग लागला होता. कमळा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात दोन रिकामे कप.

बाप-लेक समोरासमोर आले. धनेश बाजूला होऊन जाणार होता, गेला नाही.

"टाकी गळते का बघाय गेलतो," तो म्हणाला.

केसरीनाथने मान हलवली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि आवाज नव्हता. त्याने हातानेच विचारलं, मग?

"गळते," धनेश म्हणाला. "उद्या परत बघाय लागेल." दोन पायऱ्या उतरून तो वळला. "आन् बाबा, ओव्हर सहा चेंडवांची असते."